काचेमागचा दरवान

बार्नाबे तुशार रडायचे ते फक्त नाटकघरात. एरवी त्यांच्या डोळ्यांतून टिपूस काढणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. स्वतःच्या वडिलांना पुरून आले त्या दिवशी त्यांनी आधी जिन्यातले दिवे पुसले आणि मग शांतपणे सूप प्यायले, असं त्यांची बायको उर्सुल सांगायची. पण पॅरिसच्या बुलवारवरच्या, म्हणजे त्या रुंद हमरस्त्यावरच्या नाटकघरात, अगदी वरच्या बाकांवर, जिथं छताला डोकं लागतं आणि ज्या जागेला आम्ही स्वर्ग म्हणतो, तिथं बसले की या माणसाचं काहीतरी व्हायचं. अनाथ पोरीला दुष्ट काका घराबाहेर काढायचा आणि तुशारबाबांचा बांध फुटायचा. तोंड उघडं, नाक वाहतंय, रुमाल हातात असून वापरायचं भान नाही. पडदा पडला की तोंड पुसून पुन्हा दरवान व्हायचे. वर्षातून एकदाच जायचे, बायकोला घेऊन, आणि मीही कधीमधी लांबच्या बाकावरून हे बघितलंय.

आमचं घर म्हणजे पाच मजल्यांची इमारत. तुशारबाबा तिचे दरवान होते आणि जोडीला शिंपीकाम करायचे. कोटाचं अस्तर, फाटलेली बाही, भाडेकरूंची असली कामं. मी झेली, माळ्यावरच्या खोलीत राहायचे, हातमोजे शिवायचे. माझ्या खोलीत शेगडी नव्हती, म्हणून संध्याकाळी शिवण घेऊन खाली त्यांच्या खोलीत जाऊन बसायचे. दारालगतची ती खोली म्हणजे एक पलंग, एक शेगडी, शिंपीकामाचं टेबल आणि बोळाच्या बाजूला मोठी काच. आत-बाहेर करणारा प्रत्येक माणूस दरवानाला दिसला पाहिजे म्हणून ती काच. आपणही आत बसलेले बाहेरच्याला दिसतो, याचा विचार तोवर तुशारबाबांनी कधी केला नसावा.

आणि हा माणूस स्वतः काही साधा नव्हता हं. टवाळी करण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. त्या काळी, म्हणजे लुई-फिलिप राजा होता तेव्हा, छापील चित्रांची दुकानं दर आठवड्याला नवी विनोदी चित्रं काचेत लावायची. विकत घेणारे थोडे, फुकट बघणारे सगळे. रविवारी प्रार्थना आटोपली की तुशारबाबा थेट गोबेर चित्रविक्याच्या दुकानासमोर. ज्यांना वाचता येत नाही त्यांना चित्राखालचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि वर आपली भर घालायचे. पोट सुटलेला सावकार दिसला की "हा तर आमचा पहिल्या मजल्यावरचा!" लोंबत्या ओठांची म्हातारी दिसली की "ही दुसरा मजला, उजवीकडचं दार!" लोक खो खो हसायचे. कोळसेवाले, पाणके, दाया, सगळे त्यांची वाट बघत थांबायचे. मी त्यांना एकदा म्हटलं, "बाबा, उद्या तुमचंच चित्र लागलं तर?" तर म्हणाले, "माझ्यात आहे काय काढण्यासारखं?"

वसंत ऋतूतल्या एका रविवारी ते धावतच परत आले. हसून हसून त्यांना धाप लागली होती.

"उर्सुल, टोपी घाल! झेली, तूही चल. असं चित्र लागलंय, असं चित्र लागलंय, की पोट धरशील!"

"अहो, रस्सा शिजतोय माझा," उर्सुल म्हणाली.

"शिजू दे. रस्सा कुठं पळून जातोय?"

आम्ही गेलो. काचेसमोर ही गर्दी. तुशारबाबांनी कोपरानं वाट काढत आम्हाला पुढं नेलं. चित्रात नाटकघरातला स्वर्ग होता. कठड्यावर रेललेल्या माणसांची एक रांग, हातात सॉसेज, संत्री, मांडीवर पोरं. आणि मधोमध एक माणूस ढसाढसा रडत होता. तोंड दाराएवढं उघडं, एक दात गायब, नाकाखाली थेंब लोंबतोय, हनुवटीवरून टिपं ओघळून खालच्या मजल्यावरच्या एका श्रीमंताच्या टकलावर पडतायत आणि तो टकल्या वर बघत छत्री उघडतोय. खाली लिहिलं होतं, "स्वर्गात पाऊस."

"बघितलंस?" तुशारबाबा मला म्हणाले. "त्या दाताच्या फटीतून अख्खा पाव जाईल! आणि ते नाक! अशा माणसाला घरचे बाहेर सोडतात तरी कसे?"

मी चित्राकडे बघितलं, मग त्यांच्याकडे बघितलं. तो दात कुठला ते मला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी तो काढला तेव्हा मीच त्यांचा हात धरून बसले होते. पण खोलीतल्या दाढीच्या आरशात मावतो एक गाल, आणि तोही गंभीर. स्वतःचा रडतानाचा चेहरा या माणसानं जन्मात बघितला नव्हता. सगळ्या पॅरिसला ओळखणाऱ्या माणसाला तेवढा एकच चेहरा परका होता.

उर्सुलनं काचेला नाक लावलं. मग मागं न बघता म्हणाली, "चला घरी."

"अगं हस की! काय बाई आहे!" आणि त्यांनी पुन्हा मोठ्यानं वाचलं, "स्वर्गात पाऊस!"

आमच्या गल्लीतला कोळसेवाला मागंच उभा होता. भला माणूस, पण जिभेला हाड नाही. त्यानं मान पुढं काढली, चित्राकडे बघितलं, तुशारबाबांकडे बघितलं, पुन्हा चित्राकडे बघितलं.

"अहो बाबा, हे तर तुम्हीच की!"

सगळी डोकी काचेकडून एकदम त्यांच्याकडे वळली. एका बाईनं तर खात्री करायला त्यांची हनुवटी धरून तोंड वर केलं. "उघडा बघू तोंड, बाबा!" आणि तुशारबाबांचं तोंड आधीच उघडं होतं, कारण ते अजून हसतच होते. ते हसू हळूहळू उतरलं. ती फट मात्र सगळ्यांना दिसली. असा हशा त्या दुकानासमोर आधी झाला नसेल आणि नंतरही नाही.

ते घरी आले, मान खाली घालून टेबलाशी बसले आणि कुणाच्या तरी बाहीला टाके घालू लागले. रस्सा करपला होता.

पुढचे महिने वाईट गेले. पहिल्या मजल्यावर देलकूर नावाचे निवृत्त वकील राहायचे. त्यांनी ते चित्र विकत घेतलं, चौकट करून आपल्या बाहेरच्या खोलीत टांगलं. गुरुवारी त्यांच्याकडे मेजवानी असायची. पाहुणे वर जायचे, चित्र बघायचे, आणि परत जाताना बोळात आमच्या काचेसमोर थांबायचे. बायका हातातला चष्मा डोळ्यांना लावून आत वाकायच्या. आत तुशारबाबा सुईत दोरा ओवत बसलेले. "हाच का? आत्ता तर नाही रडत!" असं अगदी त्यांना ऐकू जाईल असं बोलायच्या, माकडाच्या पिंजऱ्यासमोर बोलतात तसं. विद्यार्थी भाडेकरू जाता-येता विचारायचे, "बाबा, आज पाऊस आहे का? छत्री घेऊ?"

तुशारबाबांनी काचेला पडदा लावला. देलकूरांनी घरमालकाकडे तक्रार केली की दरवान दिवसा झोपा काढतो. घरमालक येऊन पडदा काढून घेऊन गेला.

एका संध्याकाळी उर्सुल वरच्या मजल्यावर टपाल द्यायला गेली होती. तुशारबाबांनी सुई खाली ठेवली.

"झेली, तू ते चित्र नीट बघितलंस?"

"बघायचं काय त्यात. सोडा ना आता."

"माझ्या शेजारची बाई बघितलीस?"

बघितली होती. रडणाऱ्या माणसाच्या शेजारी चौकड्यांची शाल घेतलेली एक बाई काढली होती. सगळी रांग रंगमंचाकडे बघतेय आणि ही एकटीच त्या माणसाकडे. डोळे बारीक केलेले, कपाळाला आठी, ओठ आवळलेले. ती शाल उर्सुलची होती.

"लोक हसले त्याचं मी काही म्हणत नाही," ते म्हणाले. "मीही लोकांना हसलोय. माझी पाळी आली, फिट्टंफाट झाली. पण दरवर्षी ही बाई माझ्या शेजारी बसून अशी बघत होती? मी तिकडे गाढवासारखा रडतोय, आणि ही इकडे... मला वाटायचं, तीही रडतेय. मी कधी वळूनसुद्धा बघितलं नाही, झेली."

"तिलाच विचारा की."

"विचारलं आणि 'हो' म्हणाली तर?"

त्या चित्रकाराचा मला इतका राग आला की सांगता येत नाही. कुठल्या तरी कोपऱ्यात वही घेऊन बसायचं, माणसाच्या तोंडावरचं चोरायचं आणि काचेत टांगायचं. आणि चोरलेलं खोटं असतं तर एक वेळ ठीक. ती नजर खरीच होती. मी स्वतःच उर्सुलला आडून विचारून बघितलं. ती पायऱ्या घासत होती.

"उर्सुल, नाटकात ते रडतात ना, तुला कसं वाटतं गं?"

तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. "तू तुझे हातमोजे शीव," ती म्हणाली आणि बादली इतकी जोरात ढकलली की पाणी माझ्या जोड्यांत गेलं. मग मलाही वाटलं की बाबांचं खरं आहे, तिला त्यांची लाजच वाटते.

दोघं एका पलंगावर झोपायची, एका ताटात जेवायची आणि एकमेकांच्या तोंडाकडे बघायची नाहीत. तुशारबाबा तर इतके जपून वागू लागले की शिंक आली तरी भिंतीकडे वळायचे. रविवारी गोबेरच्या दुकानाकडे जाणं तर केव्हाच बंद झालं होतं.

ऑक्टोबरात संत उर्सुलचा दिवस आला. ज्या संताचं नाव आपल्याला ठेवलंय त्याचा दिवस आमच्याकडे चुकवत नाहीत, आणि त्या दिवशी तुशारबाबा बायकोला नाटकाला न्यायचे, लग्न झाल्यापासून. यंदा नेलं नाही तर का नेलं नाही ते बोलावं लागेल, आणि न्यावं तर पुन्हा तोच स्वर्ग. त्यांनी त्यातून वाट काढली. तिकिटं तीन आणली आणि मला म्हणाले, "तू मध्ये बस."

शेजारच्या घरचा दरवान आमचं दार सांभाळायला आला. उर्सुलनं चौकड्यांची शाल घेतली नाही. अंगावर साधा काळा डगला घातला होता. मी दोघांच्या मध्ये बसले. उजवीकडे ते, डावीकडे ती. असल्या जागी बसण्यापेक्षा मी उकळत्या कढईवर बसले असते.

त्यांना ओळखायला वेळ लागला नाहीच. मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं, "अरे, पाऊसवाले आले!" लगेच खालून एकानं आवाज दिला, "छत्र्या काढा रे!" संत्र्याच्या साली उडाल्या. तुशारबाबा टोपी मांडीवर घेऊन ताठ बसून राहिले. मानेवरची शीर तेवढी उडत होती.

नाटक होतं पाणचक्कीवाल्याच्या पोरीचं. आई-बाप मेलेले, चक्की तिच्या नावावर, आणि काकाला ती चक्की हवी. पहिल्याच अंकात पोरीनं आईच्या कबरीवर गाणं म्हटलं. आजूबाजूला नाकं ओढल्याचे आवाज सुरू झाले. मागचे लोक मात्र रंगमंचाकडे बघतच नव्हते. ते आमच्या बाबांकडे बघत होते, कधी सुरू होतो म्हणून. तुशारबाबांनी दात आवळले होते. चेहरा असा केला होता की त्यावर माशीसुद्धा बसली नसती.

उर्सुल सारखी पुढं वाकत होती. आधी मला वाटलं, तिला रंगमंच दिसत नाही. पण ती माझ्यावरून पलीकडे वाकत होती.

"झेली, आत्ता कोण आलं?" ती कुजबुजली.

"काका."

"मग?"

"मग काय, बोलतोय. समोर बघ ना."

थोड्या वेळानं पुन्हा. "पोर रडतेय की गातेय? आवाज सारखाच लागतो तिचा."

"उर्सुल, समोर बघ! पैसे कशाचे दिलेत?"

"समोर मला काय दिसतंय?" ती म्हणाली. हळू बोलायला गेली, पण बऱ्याच दिवसांचं दाबलेलं असलं की आवाज ऐकत नाही. "लाल काहीतरी हलतं, निळं काहीतरी हलतं. बाकी धुकं. कैक वर्षांपूर्वी मला मोठा ताप आला होता ना, त्यानंतर लांबचं सगळं गेलंय माझं. तीन चष्मेवाल्यांकडे जाऊन आले मी, काही उपयोग नाही."

"आणि तू बोलली नाहीस?"

"कुणाला बोलू? घरमालकाला? आंधळी दरवानीण कोण ठेवील? ह्यांना सांगितलं असतं तर हे म्हणाले असते, मग कशाला जायचं नाटकाला. मला आणलं नसतं आणि स्वतःही आले नसते. वर्षाकाठी एवढी एकच गंमत आहे त्यांची."

"अगं, मग इतकी वर्षं तू इथं बसून करतेस काय?"

"ह्यांच्याकडे बघते," उर्सुल म्हणाली. "ह्यांच्या तोंडावर सगळं येतं ना. काका आला की भुवया जवळ येतात. पोर गायला लागली की ह्यांचे ओठ हलतात. कुणी दाराआड लपलं की हे मान अशी खाली घेतात, जसं काही ह्यांनाच लपायचंय. जवळून डोळे ताणून बघितलं की कळतं सगळं. एक शब्द चुकत नाही माझा. आणि तो मेला चित्रवाला! बरोब्बर पकडलं त्यानं मला. त्या काचेपुढं मला वाटलं, आता संपलं, आता हे विचारणार, 'समोर का बघत नव्हतीस?' लाजेनं मेले मी. म्हणून त्यांच्यापुढं तोंड उघडलं नाही." ती थांबली. "आज तू मध्ये बसलीस. आणि त्यांनीही तोंड मिटून घेतलंय, दुकान बंद केल्यासारखं. मला काय कळणार?"

मागून लोक "श्श! श्श!" करायला लागले. मी उजवीकडे बघितलं. तुशारबाबा रंगमंचाकडे बघत नव्हते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

ते उठले. पूर्ण उभे राहिले, नाटक ऐन रंगात असताना.

"खाली बसा!"

"ए पाऊस, खाली बस!"

"झेली, सरक," ते म्हणाले.

मी सरकले. बाक इतका दाटीचा की सरकताना माझ्या झग्याची शिवण उसवली. ते उर्सुलच्या शेजारी बसले, आणि बसताना रंगमंचाकडे पाठच केली म्हणा ना. तिच्याकडे तोंड करून बसले. तिकडे रंगमंचावर काकानं पोरीला चक्कीच्या पाण्यात ढकललं होतं आणि गावातला मुका पोऱ्या तिला केसांना धरून बाहेर ओढत होता. ढोल वाजत होते. पोरगी खोकली, उठून बसली. अख्खं नाटकघर ओरडलं, टोप्या उडाल्या, मागच्या दोन बायकांनी एकमेकींचे मुके घेतले.

तुशारबाबांनी यातलं काही बघितलं नाही. त्यांचा खालचा ओठ आधी नुसता हलला. मग ते सगळं सुरू झालं, तोंड, नाक, दाताची ती फट, सगळं. मी त्यांना इतक्या वर्षांत असं रडताना बघितलं नव्हतं. मागच्या बाकांवर एकच हैदोस झाला. "आला! आला! अरे, आता कशाला? वाचली ना ती!" "छत्री! छत्री!" एकानं तर बाकावर चढून खरोखरच छत्री उघडली. सगळ्या स्वर्गानं रंगमंच सोडून आमच्याकडे माना वळवल्या. तुशारबाबांचे कान लाल झाले होते. त्यांना प्रत्येक शब्द ऐकू येत होता, ते मला दिसत होतं. हातात रुमाल होता, पण त्यांनी तो तोंडावर धरला नाही.

उर्सुलनं डोळे बारीक केले, कपाळाला आठी घातली, आणि आपलं तोंड त्यांच्या अगदी जवळ नेलं.

"मेली का हो पोर?"

त्यांनी मान हलवली. "नाही. वाचली."

"मग रडताय कशाला एवढं?"

त्यांनी तोंड फिरवलं नाही, तिला बघू दिलं.